मृण्मय पुष्पपात्रांचा संग्रह

मृण्मय पुष्पपात्रांचा संग्रह : माती भाजून घडविलेली पुष्पपात्रे किंवा फुलदाण्या त्यांचे रूपसौंदर्य, दुर्मिळता व ऐतिहासिक महत्त्व यांसाठी जमविणे, त्यांचे परीक्षण करणे आणि जतन करणे. संग्राहकांच्या परिभाषेत पुष्पपात्र ही संज्ञा बरीच सैल अर्थाने वापरली जाते. प्राचीन ग्रीकांची जी पात्रे या नावाखाली संग्रहालयांत मांडलेली असतात, ती फुलांसाठी नव्हतीच : ॲम्फोरा हे मद्य वा तेल साठविण्याचे, क्रेटर हे मद्यात पाणी मिसळण्याचे, हायड्रिया हे पाणी आणण्याचे, तर लेकिथॉस हे तेलाचे पात्र होते. चीनमधील अरुंद तोंडाचे व रुंद खांद्यांचे ‘मेइ-पिंग’ पात्र मुळात मद्यासाठी वापरीत. फुललेली डहाळी ठेवण्याचे पात्र ही त्याची ओळख नंतरची आहे. मूळ उपयोग मागे पडला आणि केवळ पाहण्यासाठी पात्र जवळ ठेवावेसे वाटू लागले, की संग्रहाला प्रारंभ होतो.

अशा संग्रहाचे दोन मुख्य वर्ग पडतात : पुरातन पात्रांचा आणि कलावंत-कुंभारांनी स्वतःच्या कार्यशाळेत घडविलेल्या, म्हणजे स्टुडिओ-पात्रांचा. पहिल्या वर्गातील बहुतेक पात्रांचे कर्ते अज्ञात असतात; दुसऱ्या वर्गात कर्त्याच्या नावाला मोठे महत्त्व असते. तथापि दोहोंतही संग्राहकापुढील प्रश्न एकच असतो : समोरचे पात्र कोणी, कोठे व केव्हा घडविले ? तळावरील शिक्का हे त्याचे सर्वांत सोपे आणि सर्वांत अविश्वसनीय उत्तर होय. माती, झिलई, आकार, भाजणी व पात्राचा ज्ञात पूर्वेतिहास यांची साक्ष अधिक मोलाची असते. ही साक्ष वाचावयास शिकणे हाच या छंदाचा गाभा आहे.

द्रव्य व भाजणी : मातीच्या पात्रांचे स्थूलमानाने तीन प्रकार करतात [⟶ मृत्पात्री]. साधी मृत्पात्रे सु. ९०० ते १,१५०° से. तापमानास भाजतात, ती सच्छिद्र राहतात व झिलई नसल्यास त्यांतून पाणी पाझरते. स्टोनवेअर किंवा दगडी पात्रे सु. १,२०० ते १,३००° से. ला भाजली जातात; त्यांची माती एकजीव व टणक होते, मात्र प्रकाश त्यांतून आरपार जात नाही. केओलीन या पांढऱ्या मातीत फेल्स्पारयुक्त दगडाची पूड मिसळून तयार केलेले पोर्सलिन सु. १,२५० ते १,४००° से. ला भाजले, की ते शुभ्र, काचेसारखे घट्ट व पातळ असल्यास अर्धपारदर्शक होते. टिचकी मारली असता त्याचा स्वच्छ नाद येतो. भट्टीत हवा मुबलक खेळती ठेवली, तर लोहयुक्त झिलई पिवळसर वा तपकिरी होते. हवेचा पुरवठा रोखून धुरकट ज्वाळेत भाजली, तर तीच झिलई हिरवट-निळसर होते. चिनी सेलडॉन पात्रांचा जगप्रसिद्ध हिरवा रंग अशा भाजणीतून आलेला आहे. एकाच मातीचे व एकाच झिलईचे दोन नमुने भट्टीतील जागेनुसार वेगळे निघतात. त्यामुळे प्रत्येक पात्र काही अंशी एकमेव असते.

संग्रहाचा इतिहास : पुरातन वस्तूंची जाण ही सुसंस्कृततेची खूण मानण्याची परंपरा चीनमध्ये फार जुनी आहे. त्साव जाव याने १३८८ मध्ये ‘ग गू याव लुन’ हा पुरातन वस्तूंच्या परीक्षणाचा ग्रंथ लिहिला. त्यात मातीच्या पात्रांची चर्चा असून पांढऱ्या पोर्सलिनवर निळी चित्रे काढलेली पात्रे त्याने अगदी ग्राम्य ठरविली आहेत. त्याच काळातील निळी-पांढरी पात्रे आज संग्राहकांच्या दृष्टीने अमूल्य आहेत. अभिरुची बदलते आणि तिच्याबरोबर वस्तूचे मोलही बदलते, याचा हा जुना दाखला होय.

पश्चिम आशियात चिनी पात्रांना राजदरबारी प्रतिष्ठा होती. इराणचा शाह अब्बास पहिला याने १६११ मध्ये अर्दबील येथील आपल्या पूर्वजांच्या दर्ग्यास १,१६२ चिनी पात्रे अर्पण केली. ती मांडण्यासाठी कोनाड्यांनी भरलेले स्वतंत्र दालन सजविण्यात आले. अशा दालनास ‘चीनीखाना’ म्हणत. मोगल वास्तूंतही हे नाव व ही कोनाड्यांची रचना आढळते.

यूरोपात पोहोचलेल्या ज्या चिनी पोर्सलिन पात्रांचा पूर्वेतिहास ज्ञात आहे, त्यांत ‘फाँटहिल पात्र’ सर्वांत जुने समजले जाते. चौदाव्या शतकाच्या पूर्वार्धातील या फिकट निळसर झिलईच्या पात्राला यूरोपात चांदीचे कोंदण, मूठ व तोटी बसविण्यात आली होती. एकोणिसाव्या शतकात हे कोंदण काढून टाकले गेले आणि पात्राची ओळख हरवली. १७१३ मध्ये काढलेले त्याचे एक चित्र उपलब्ध असल्यामुळेच डब्लिन येथील आयर्लंडच्या राष्ट्रीय संग्रहालयातील पात्र तेच असल्याचे पुढे सिद्ध करता आले. पूर्वेतिहासाचा कागद कधीकधी पात्राइतकाच मोलाचा ठरतो, तो असा.

अठराव्या शतकात यूरोपातील राजेरजवाड्यांत पोर्सलिनचे वेड पसरले. सॅक्सनीचा इलेक्टर व पोलंडचा राजा दुसरा ऑगस्टस (१६७०–१७३३) याने १७१७ मध्ये प्रशियाच्या राजाला ६०० घोडेस्वार देऊन त्यांच्या बदल्यात १५१ चिनी पात्रे घेतली. त्यांतील सु. १ मी. उंचीची झाकणदार निळी-पांढरी पात्रे आजही ‘ड्रगून पात्रे’ म्हणजे घोडेस्वारांची पात्रे म्हणून ओळखली जातात. ऑगस्टसच्या ड्रेझ्डेन येथील संग्रहाची १७२१ पासून पद्धतशीर सूची करण्यात आली आणि प्रत्येक पात्राच्या तळावर क्रमांक कोरण्यात आला. या क्रमांकामुळे एखादे पात्र त्या वेळी यूरोपात होते, हे निर्विवाद ठरते; म्हणून असे कोरीव अंक असलेली पात्रे चिनी मृत्पात्रीच्या कालनिश्चितीची आधारस्तंभ बनली आहेत. ऑगस्टसच्याच आश्रयाने योहान फ्रीड्रिख बॉटगर (१६८२–१७१९) याला खऱ्या पोर्सलिनचे रहस्य उलगडले व १७१० मध्ये माइसेनचा कारखाना सुरू झाला.

याच शतकाच्या उत्तरार्धात ग्रीक पात्रांचा संग्रह इटलीत भरास आला. नेपल्सच्या दरबारातील ब्रिटिश वकील विल्यम हॅमिल्टन (१७३०–१८०३) याचा पहिला संग्रह १७७२ मध्ये ब्रिटिश म्यूझीयमने विकत घेतला. इटलीतील एट्रुस्कन थडग्यांतून निघत असल्यामुळे ही पात्रे एट्रुस्कनच समजली जात. म्हणूनच जोसाया वेजवुड (१७३०–९५) याने १७६९ मध्ये सुरू केलेल्या आपल्या नव्या कारखान्याला ‘इट्रुरिया’ हे नाव दिले. हॅमिल्टनच्या दुसऱ्या संग्रहातील बरीच पात्रे १७९८ मध्ये सिली बेटांजवळ जहाज फुटून बुडाली. विसाव्या शतकात जॉन बीझली (१८८५–१९७०) याने कान, घोटा, वस्त्राची चुणी यांसारख्या बारीकसारीक तपशिलांची तुलना करून ॲथेन्समधील शेकडो अनामिक चित्रकारांचे हात वेगळे ओळखून दाखविले. सही नसतानाही कर्ता ओळखता येतो, हे त्याच्या पद्धतीने दाखवून दिले.

डेव्हिड पात्रे : संग्राहकाच्या चिकाटीने ज्ञानात कशी भर पडते, याचे उत्तम उदाहरण म्हणजे सर पर्सिव्हल डेव्हिड (१८९२–१९६४) यांचा संग्रह. डेव्हिड यांचा जन्म मुंबईत झाला. मुंबईतील विख्यात व्यापारी व बँक ऑफ इंडियाच्या संस्थापकांपैकी एक सर ससून डेव्हिड यांचे ते पुत्र. त्यांनी चिनी भाषेचा अभ्यास केला, चीनमध्ये प्रवास केला आणि प्रामुख्याने लेख कोरलेली वा लिहिलेली व राजदरबाराशी संबंध असलेली पात्रे मिळविली. वर उल्लेखिलेल्या ‘ग गू याव लुन’चे त्यांनी केलेले इंग्रजी भाषांतर त्यांच्या मृत्यूनंतर १९७१ मध्ये प्रसिद्ध झाले.

त्यांच्या संग्रहातील सु. ६४ सेंमी. उंचीची निळी-पांढरी जोडपात्रे ‘डेव्हिड पात्रे’ या नावाने ख्यात आहेत. हत्तीच्या मस्तकांच्या आकाराचे कान, अंगावर झेपावणारा ड्रॅगन व त्यावर मानेलगत फीनिक्स पक्षी अशी त्यांची सजावट आहे. मानेवरील लेखानुसार जांग वनजिन नावाच्या भाविकाने ही जोडी व एक धूपपात्र आपल्या कुटुंबाच्या कल्याणासाठी १३५१ मध्ये एका ताओ मंदिरास अर्पण केले. धूपपात्र आज उपलब्ध नाही. जोडीची ताटातूट झाली होती. डेव्हिड यांनी दोन पात्रे वेगवेगळ्या संग्राहकांकडून मिळवून ती पुन्हा एकत्र आणली. आर्. एल्. हॉब्सन यांनी १९२९ मध्ये हा लेख प्रकाशात आणला, तरी त्याचे पूर्ण महत्त्व लक्षात येण्यास दोन दशके जावी लागली. अमेरिकन अभ्यासक जॉन अलेक्झांडर पोप यांनी १९५२ व १९५६ मध्ये इस्तंबूलच्या तोपकापी राजवाड्यातील आणि अर्दबीलच्या संग्रहातील पात्रांची डेव्हिड पात्रांशी तुलना केली व चौदाव्या शतकातील निळ्या-पांढऱ्या पात्रांचा एक मोठा गट निश्चित केला. दोन पात्रांवरील एका तारखेच्या आधारे इतर अनेक पात्रांचा काळ ठरला.

हा संग्रह १९५० मध्ये लंडन विद्यापीठास देण्यात आला व १९५२ पासून स्वतंत्र प्रतिष्ठानाच्या वास्तूत लोकांसाठी खुला झाला. ती वास्तू २००७ मध्ये बंद झाल्यावर २००९ पासून संग्रह ब्रिटिश म्यूझीयममध्ये मांडलेला आहे. सु. १,७०० पात्रांचा हा संपूर्ण संग्रह त्या म्यूझीयमला कायमचा देण्याचा निर्णय विश्वस्तांनी नोव्हेंबर २०२४ मध्ये जाहीर केला.

स्टुडिओ-पात्रे : कारखान्यात श्रमविभागणी असते, माती मळणारा, चाकावर घडविणारा, रंगविणारा व भाजणारा हे वेगवेगळे असतात. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस यूरोप व अमेरिकेत या यांत्रिकतेविरुद्ध प्रतिक्रिया उमटली आणि सर्व क्रिया एकाच हाताने करणारा कलावंत-कुंभार पुढे आला. अमेरिकेत बिलॉक्सी येथील जॉर्ज ओर (१८५७–१९१८) याने कागदासारख्या पातळ भिंतींची पात्रे घडवून ती ओली असतानाच पिळली, दुमडली व चुरगळली. समकालीनांनी त्याला वेडा ठरविले. त्याची हजारो पात्रे कुटुंबाकडे पडून राहिली व १९७० च्या सुमारास एका जुन्या वस्तूंच्या व्यापाऱ्याने ती घेतल्यावर त्याची खरी योग्यता जाणकारांना उमगली. ॲडलेड रॉबिनो (१८६५–१९२९) हिने १९१० मध्ये घडविलेल्या ‘स्कॅरॅब पात्रा’वरील कोरीव कामास सु. १,००० तास लागले. पहिल्या भाजणीत त्याच्या तळाला चिरा पडल्या; तिने त्या पोर्सलिनच्या भुकटीने भरून पात्र पुन्हा भाजले व ते यशस्वी झाले.

ब्रिटनमध्ये बर्नर्ड लीच (१८८७–१९७९) याने जपानी कुंभार हमादा शोजी (१८९४–१९७८) याच्या सहकार्याने १९२० मध्ये सेंट आइव्ह्‌झ येथे कार्यशाळा काढली. पौर्वात्य स्टोनवेअर व इंग्लंडमधील जुनी ग्रामीण मृत्पात्री यांचा मेळ घालण्याचा त्याचा प्रयत्न होता. १९४० मध्ये प्रसिद्ध झालेले त्याचे ‘अ पॉटर्स बुक’ हे पुस्तक जगभरच्या स्टुडिओ-कुंभारांचे पाठ्यपुस्तक बनले. व्हिएन्नाहून १९३८ मध्ये लंडनला आलेली लूसी री (१९०२–९५) आणि १९४६ पासून तिच्याबरोबर काम करणारा हान्स कोपर (१९२०–८१) यांनी लीचच्या ग्रामीण परंपरेहून वेगळी, नागर व आधुनिक वळणाची पात्रे घडविली. री विजेच्या भट्टीत, कच्च्या पात्रावरच झिलई लावून ते एकदाच भाजीत असे. कोपर चाकावर काढलेले भाग जोडून फावड्याच्या वा कळीच्या आकाराची शिल्पसदृश पात्रे तयार करी.

जपानमधील यानागी सोएत्सू (१८८९–१९६१) याने पुरस्कारिलेल्या ‘मिंगेई’ म्हणजे लोककारागिरीच्या विचारात अनामिकतेला महत्त्व होते. त्याला अनुसरून हमादाने पुढील काळात पात्रांवर सही करणेच सोडले; सही असे ती पात्राच्या लाकडी पेटीवर. त्यामुळे जपानी स्टुडिओ-पात्राची मूळ पेटी टाकून देणे म्हणजे त्याचा जन्मदाखला टाकून देण्यासारखे होय.

भारतात या चळवळीचे आद्य प्रवर्तक सरदार गुरचरण सिंग (१८९६–१९९५) हे होत. १९१९ मध्ये ते जपानला गेले व तेथे लीच, हमादा यांच्या सहवासात आले. १९५२ मध्ये त्यांनी दिल्लीत ‘डेल्ही ब्लू पॉटरी’ची स्थापना केली. जयपूरची लुप्त होत चाललेली निळी पात्रे कृपालसिंह शेखावत (१९२२–२००८) यांनी पुनरुज्जीवित केली. पुदुच्चेरी येथे रे मीकर व डेबोरा स्मिथ यांनी १९७१ मध्ये सुरू केलेल्या ‘गोल्डन ब्रिज पॉटरी’त भारतीय स्टुडिओ-कुंभारांची एक पिढी तयार झाली. महाराष्ट्रात झिलईच्या रसायनाचा सखोल अभ्यास करणाऱ्या निर्मला पटवर्धन आणि पिढीजात कुंभारकामातून स्टुडिओ-मृत्पात्रीकडे वळलेले ब्रह्मदेव राम पंडित (पद्मश्री, २०१३) यांचे कार्य उल्लेखनीय आहे.

परीक्षण : जाणकार पात्र हाती घेतो, तेव्हा प्रथम ते उलटे करून पाहतो. पात्राच्या पायाच्या कड्यावर बहुधा झिलई नसते. तेथे मूळ माती उघडी दिसते. तिचा रंग, कणांची जाडी, कडे तासण्याची रीत, भट्टीतील वाळूचे वा आधारांचे चिकटलेले अवशेष यांवरून निर्मितिस्थळ व काळ यांचा अंदाज बांधता येतो. दीर्घकाळ वापरलेल्या पात्राच्या तळावरील घासल्याच्या खुणा लांबी, खोली व दिशा या दृष्टींनी अनियमित असतात. कानशीने वा पॉलिश कागदाने मुद्दाम घासलेल्या पात्रावर त्या एकाच दिशेच्या व सारख्या खोलीच्या दिसतात. पात्राचे वजनही बोलके असते : साच्यात ओतून काढलेल्या नकलेचे वजन चाकावर घडविलेल्या मूळ पात्राहून वेगळे भरते आणि तिच्या आतील बाजूस कुंभाराच्या बोटांची वलये नसतात. मोठी चिनी पात्रे दोन-तीन भागांत घडवून जोडीत. आतून हात फिरविला असता हे सांधे जाणवतात. झिलईतील बुडबुडे, तिची जाडी व तीवरील बारीक तड्यांची जाळी भिंगाखाली तपासतात.

यानंतर आकार व सजावट यांचा विचार येतो. मानेचा डौल, खांद्याचे वळण, ड्रॅगनच्या पंजातील नखांची संख्या, कमळाच्या पाकळ्यांची मांडणी इ. बाबतींत प्रत्येक काळाचे संकेत असतात. आकार एका शतकाचा व नक्षी दुसऱ्या शतकाची असल्यास संशयास जागा राहते.

तळावरील शिक्का वा लेख सर्वांत शेवटी पाहावा, असा अनुभवी संग्राहकांचा दंडक आहे. चीनमध्ये मिंग काळापासून राजवटीचे नाव तळावर चार किंवा सहा अक्षरांत लिहिण्याची प्रथा रूढ झाली. परंतु पूर्वजांविषयीच्या आदरापोटी मागील राजवटीचे नाव घालण्याची प्रथाही तितकीच दृढ होती. कांगशी सम्राटाच्या काळात (१६६२–१७२२) घडविलेल्या अनेक पात्रांवर चंगह्वा सम्राटाच्या काळाचे (१४६५–८७) नाव आढळते. १६७७ मध्ये जिंगदजेन येथील अधिकाऱ्याने पात्रांवर सम्राटाचे नाव लिहिण्यास मनाई केली. या काळातील पुष्कळ पात्रांच्या तळावर केवळ रिकामे दुहेरी वर्तुळ असते. जपानी व चिनी निर्यात-पात्रांबाबत मात्र एक कायदेशीर खूण उपयोगी पडते : अमेरिकेच्या १८९० च्या जकात कायद्याने आयात मालावर निर्मितिदेशाचे नाव घालणे सक्तीचे झाले. ‘निप्पॉन’ हे इंग्रजी लिपीतील नाव असलेले जपानी पात्र म्हणूनच सामान्यतः १८९१ ते १९२१ या काळातील मानले जाते.

शास्त्रीय तपासणीच्या काही पद्धती हाताशी आहेत. तापदीप्ती-परीक्षेत पात्राच्या मातीचा अल्प अंश तापवून त्यातून बाहेर पडणारा प्रकाश मोजतात. शेवटच्या भाजणीनंतर मातीतील खनिजांनी साठविलेल्या किरणोत्साराच्या प्रमाणात हा प्रकाश असतो. त्यावरून पात्र शेकडो वर्षांपूर्वीचे की अलीकडचे, हे कळू शकते. मात्र नमुन्यासाठी पात्राला छिद्र पाडावे लागते आणि जुन्या तळावर नवा वरचा भाग जोडलेला असल्यास तळातील नमुना फसवा ठरतो. क्ष-किरण अनुस्फुरणाने झिलई व रंग यांतील मूलद्रव्ये ओळखता येतात : चौदाव्या शतकात पश्चिम आशियातून आयात होणाऱ्या कोबाल्टमध्ये लोहाचे प्रमाण अधिक व मँगॅनिजाचे कमी असे; चीनमधील स्थानिक कोबाल्टमध्ये मँगॅनीज अधिक असते. जंबुपार किरणांखाली आधुनिक रंग व डिंक वेगळ्या तेजाने चमकतात व लपविलेली दुरुस्ती उघड होते.

नकला व बनावट : नक्कल आणि बनावट यांत हेतूचा भेद आहे. परंपरेच्या आदरातून, अभ्यासासाठी किंवा गिऱ्हाइकाच्या मागणीवरून जुन्याप्रमाणे घडविलेले पात्र ही नक्कल होय. फसविण्यासाठी घडविलेले वा फेरफार केलेले पात्र म्हणजे बनावट. पॅरिसमधील सॅम्सन कारखान्याने १८४५ पासून चिनी, जपानी व यूरोपीय पात्रांच्या उत्कृष्ट नकला केल्या. त्यांतील अनेक पुढे मूळ म्हणून विकल्या गेल्या. म्हणजे नक्कल हातोहाती जाताना बनावट बनू शकते. स्टुडिओ-पात्रेही यातून सुटलेली नाहीत. १९८० च्या सुमारास इंग्लंडमधील एका तुरुंगाच्या मातकामाच्या वर्गात कैद्यांनी लीचच्या शिक्क्यासह त्याच्या शैलीतील पात्रे घडविली व ती नामांकित लिलावगृहांपर्यंत पोहोचली. माती, झिलई व हात यांऐवजी शिक्क्यावर विसंबल्याचा हा परिणाम होता.

उलट दिशेनेही चूक संभवते. २०२२ मध्ये फ्रान्समधील फाँटेनब्लो येथे ५४ सेंमी. उंचीचे एक निळे-पांढरे चिनी पात्र विसाव्या शतकातील शोभेची वस्तू म्हणून लिलावास ठेवले होते. अपेक्षित किंमत जास्तीत जास्त २,००० यूरो होती. ते अठराव्या शतकातील आहे, या समजुतीने बोली चढत गेली आणि ७७ लाख यूरोंवर थांबली. मूल्यमापन करणारा तज्ञ आपल्या मतावर ठाम राहिला. एकाच पात्राविषयीच्या दोन मतांत हजारो पटींचे अंतर पडू शकते.

किंमत व मूल्य : पात्राची किंमत त्याचे कर्तृत्व, काळ, दुर्मिळता, आकारमान, अभंगता व पूर्वेतिहास यांवर ठरते. जोडी पूर्ण असल्यास ती सुट्या दोन पात्रांच्या एकत्रित किमतीहून अधिक मोलाची समजतात. केसाएवढी चीर, उडालेला टवका, घासून खाली आणलेली मान किंवा विजेच्या दिव्यासाठी तळाला पाडलेले भोक यांमुळे किंमत मोठ्या प्रमाणात घटते. लिलावात पुकारलेली किंमत मात्र नेहमीच खरी नसते. २०१० मध्ये लंडनजवळील एका लहान लिलावगृहात चियनलुंग काळातील एका पात्रास ४·३ कोटी पौंडांची बोली आली. रक्कम न भरली गेल्यामुळे व्यवहार पुरा झाला नाही आणि २०१३ मध्ये ते पात्र बऱ्याच कमी किमतीस खाजगी रीत्या विकले गेले.

नव्या संग्राहकास मोठ्या रकमेची गरज नसते. एखादी भट्टी, एखादा काळ, एखादा आकार किंवा एखादा कुंभार अशी मर्यादा घालून घेतली, तर थोड्या पात्रांतूनही अभ्यासपूर्ण संग्रह उभा राहतो. फुटक्या पात्रांचे तुकडे अभ्यासास विशेष उपयुक्त असतात, कारण त्यांच्या छेदात माती व झिलईची जाडी स्पष्ट दिसते. हयात कुंभाराकडून पात्र घेताना त्याच्याकडूनच माती, झिलई, भाजणी व निर्मितिवर्ष यांची नोंद लिहून घ्यावी. पन्नास वर्षांनी तीच पात्राची सर्वांत विश्वसनीय साक्ष ठरेल.

जतन व दुरुस्ती : पात्र कधीही कानाला, मानेला वा काठाला धरून उचलू नये, एक हात तळाखाली व दुसरा पोटाभोवती ठेवावा. हातातील अंगठ्या आधी काढाव्यात. सोनेरी किंवा झिलईवरील रंगकाम असलेले पात्र ओल्या फडक्याने चोळू नये. मऊ कुंचल्याने धूळ झाडणे पुरेसे असते. सच्छिद्र किंवा तडे गेलेल्या पात्रात पाणी घालून फुले ठेवू नयेत. पाणी मातीत मुरून डाग पडतात व क्षार वर येऊन झिलई सुटते. जमिनीतून निघालेल्या पात्रांत क्षार असल्याने त्यांना आर्द्रतेतील चढउतार विशेष बाधतात. फडताळात पात्रे एकमेकांना टेकणार नाहीत इतके अंतर ठेवावे.

जपानमध्ये फुटलेले पात्र लाखेने सांधून त्या सांध्यावर सोन्याची पूड लावण्याची पद्धत आहे. तीत दुरुस्ती न लपविता मिरविली जाते. आधुनिक संग्रहालयांत, पुन्हा सोडविता येईल असाच डिंक वापरावा, हे तत्त्व पाळतात. जानेवारी २००६ मध्ये केंब्रिजच्या फिट्सविल्यम म्यूझीयममध्ये एक प्रेक्षक जिन्यावरून घसरल्याने खिडकीत ठेवलेली तीन मोठी चिनी पात्रे चक्काचूर झाली. प्रत्येक तुकड्याची जागा नोंदवून ती पुन्हा जोडण्यात आली. दुरुस्ती झालेली असल्यास विकणाऱ्याने ती सांगणे आणि संग्राहकाने ती सूचीत नोंदविणे आवश्यक आहे.

कायदा व नीती : उत्खननाची नोंद न ठेवता जमिनीतून काढलेले पात्र सुंदर असले, तरी त्याची अर्धी साक्ष पुसली गेलेली असते. ते कोणत्या थडग्यात, कोणत्या वस्तूंसोबत व कोणत्या थरात होते, हे पुन्हा कधीही कळत नाही. न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन म्यूझीयमने १९७२ मध्ये १० लाख डॉलरना घेतलेला युफ्रोनिऑस या ग्रीक चित्रकाराचा क्रेटर इटलीतील थडग्यातून चोरून काढलेला असल्याचे निष्पन्न झाले व २००८ मध्ये तो इटलीस परत करण्यात आला. सांस्कृतिक संपत्तीच्या चोरट्या व्यापाराविरुद्धचा युनेस्कोचा करार १९७० मध्ये संमत झाला. आता अनेक संग्रहालये त्या वर्षापूर्वीच्या पूर्वेतिहासाचा पुरावा मागतात. भारतात १९७२ चा पुरावस्तू व कलानिधी अधिनियम ५ एप्रिल १९७६ पासून अंमलात आला. त्यानुसार किमान १०० वर्षांची पुरावस्तू खाजगी व्यक्तीस देशाबाहेर नेता येत नाही व पुरावस्तूंच्या विक्रीच्या व्यवसायास परवाना लागतो. पात्र घेताना पावती व विक्रेत्याचे लेखी निवेदन मागणे हे त्यामुळे संग्राहकाचे कर्तव्यच ठरते.

महाराष्ट्रातील संग्रह : चीनशी व्यापार करणाऱ्या मुंबईच्या पारशी घराण्यांत चिनी पुष्पपात्रे एकोणिसाव्या शतकापासून आढळतात. सर रतन टाटा (१८७१–१९१८) व सर दोराब टाटा (१८५९–१९३२) यांनी जमविलेली चिनी व जपानी पात्रे मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात असून पूर्वेकडील मृत्पात्रीच्या अभ्यासास ती महत्त्वाची आहेत. मुंबईच्या कलाशाळेत जॉर्ज विल्किन्स टेरी यांच्या पुढाकाराने १८७० नंतरच्या दशकात मृत्पात्री विभाग सुरू झाला. सिंधमधील झिलईदार पात्रांची परंपरा व १८७२ पासून जॉन ग्रिफिथ्स यांच्या देखरेखीखाली अजिंठ्याच्या भित्तिचित्रांच्या होत असलेल्या प्रतिकृती या दोहोंचा प्रभाव तेथील पुष्पपात्रांवर दिसतो. ही ‘बाँबे पॉटरी’ परदेशी प्रदर्शनांतून गाजली. तिचे नमुने भायखळ्याच्या डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालयात पाहावयास मिळतात. कलाशाळेतील या पात्रांत देशी कुंभाराचा हात, अजिंठ्याची रेषा व यूरोपीय बाजाराची मागणी एकत्र आलेली आहे. ती घडविणाऱ्या कारागिरांची नावे बहुतांशी नोंदविली गेली नाहीत. त्यांचे काम ओळखण्यास माती, झिलई व रेषा यांचीच साक्ष काढावी लागते.